पाइपावरचा बाण आणि पाइपातला प्रवाह: दिशा ठरवायची कशी, बसवायची कशी, रंगवायची कशी

बुटीबोरीत किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या जुन्या शेडमध्ये पाइप रॅकखाली उभे राहून वर पाहा. चार-पाच लाइनी शेजारी शेजारी जातात. दोन सारख्याच हिरव्या, सारख्याच साइजच्या. एकीवर बाण आहे, दुसरीवर होता, पण मागच्या रंगकामात त्यावरूनच ब्रश फिरला. तिसरीवर दोन बाण आहेत आणि ते एकमेकांकडे तोंड करून आहेत. असा बाण म्हणजे रंगाऱ्याला कोणीतरी तोंडी सांगितलेली गोष्ट, एवढीच त्याची किंमत. त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवायचा: आधी दिशा सिद्ध करायची, मग दिशा पाळणारे भाग बसवायचे किंवा तपासायचे आणि बाण सगळ्यात शेवटी रंगवायचा.

चालू लाइनची दिशा ओळखणे

पहिले काम पायी करायचे. पी अँड आयडी ड्रॉइंग (पाइप, व्हॉल्व्ह आणि मीटर दाखवणारा प्लांटचा नकाशा) हातात घ्या, लाइन जिथून निघते तिथून चालायला लागा आणि प्रत्येक टी-जॉइंटला खडूने नंबर टाका. उगम सहसा पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर किंवा टाकी असतो. ड्रॉइंग आणि जागेवरची लाइन जुळली नाही, तर जागेवरची खरी धरा आणि ड्रॉइंगवर लाल पेनने खूण करा.

वाटेत पाइपच काही साक्षी देतो. पंपाला लागून एका बाजूने सपाट असलेला एक्सेंट्रिक रिड्यूसर (पाइपाची साइज बदलणारा तुकडा) दिसला आणि त्याची सपाट बाजू वर असली, तर ती बहुधा सक्शनची, म्हणजे पंप पाणी ओढतो ती बाजू. वाय स्ट्रेनरची (कचरा अडवणाऱ्या जाळीच्या भागाची) तिरकी नळी पुढे, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला झुकलेली असते. स्टीमच्या लाइनला उतार असतो आणि तो प्रवाहाच्याच दिशेने असायला हवा. पण या साक्षीही उलट्या बसवलेल्या असू शकतात. एकीवर विसंबू नका. तीन गोष्टी एकच दिशा सांगत असतील तरच माना.

तरीही शंका उरली तर दाब मोजायचा, आणि इथे हिशोब चुकणारे पुष्कळ. समजा, पाण्याच्या लाइनवर जमिनीलगत गेज अ आहे, ते ३.२ किग्रॅ/सेमी² दाखवते. चाळीस मीटर पुढे रॅकवर, ६ मीटर उंच, गेज ब आहे, ते २.५ दाखवते. अ कडे दाब जास्त, म्हणून प्रवाह अ कडून ब कडे, असे लगेच म्हणून मोकळे व्हायचे नाही. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ किग्रॅ/सेमी² दाब लागतो. म्हणजे ६ मीटरचे ०.६ झाले. ब चे वाचन जमिनीच्या पातळीला आणले तर ३.१ होते. खरा फरक राहिला फक्त ०.१. आता गेजकडे पाहा: ० ते १० चे, क्लास १.६ चे गेज ०.१६ पर्यंत इकडेतिकडे दाखवू शकते. फरक ०.१ चा आणि गेजची चूक ०.१६ ची, हे मोजमाप काहीच सांगत नाही.

उपाय सोपा आहे. एकच गेज घ्या आणि तेच दोन्ही ठिकाणी लावा. गेजची ठरलेली चूक दोन्ही वाचनांतून वजा होते. मग पुढचा एखादा व्हॉल्व्ह दोन मिनिटे बंद करून प्रवाह थांबवा आणि पुन्हा दोन्ही वाचने घ्या. प्रवाह थांबल्यावर फरक बरोबर उंचीइतका, म्हणजे ०.६ यायला हवा. प्रवाह सुरू केल्यावर तो ०.६ पेक्षा वाढला तर पाणी अ कडून ब कडे जाते, कमी झाला तर उलट. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी त्या लाइनवर काय चालते ते ऑपरेटरला विचारा. बेअरिंग कूलिंगचे पाणी दोन मिनिटे बंद करणे महागात पडते.

सप्लाय आणि रिटर्न ओळखायला बरेच जण तापमानाची गन वापरतात. कूलिंग वॉटरसाठी ते ठीक आहे: जी लाइन थंड ती सप्लाय. मात्र नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उघड्यावरचा पाइप ऊन खातो, आणि कमी प्रवाहाची सप्लाय लाइनही वरून रिटर्नपेक्षा गरम लागू शकते. मोजणी सूर्य उगवायच्या आधी करा, नाहीतर सावलीतल्या भागात, पाइपाच्या खालच्या बाजूने. दुसरी चूक चकचकीत पृष्ठभागाची. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा नव्या स्टेनलेस पाइपवर गन मारली तर ती आजूबाजूचे प्रतिबिंबच मोजते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा पाइपला घट्ट चिकटवा, दोन मिनिटे थांबा आणि टेपवर मोजा. इन्सुलेशनच्या पत्र्यावर मात्र टेप लावूनही उपयोग नाही, तिथे आतले तापमान बाहेर येतच नाही.

सगळ्यात भरवशाचे साधन म्हणजे बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर. भाड्यानेही मिळतो. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला हवा. गंज आणि रंगाचे पापुद्रे घासून काढा, जेल लावा आणि सेन्सर पाइपाच्या कुशीला लावा, घड्याळाच्या ३ किंवा ९ च्या जागी. वर हवा असते, तळाशी गाळ. आधी १० व्यास आणि पुढे ५ व्यास सरळ पाइप मिळेल अशी जागा निवडा. दोन सेन्सरांपैकी अपस्ट्रीमचा, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूचा कोणता ते केबलवर लिहिलेले असते. आकड्याआधी वजाचे चिन्ह आले, तर तुम्ही धरलेली दिशा उलटी आहे.

एक गैरसमज इथेच निपटवू. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरी बदलल्या की सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरतो, पण पाणी उलटे जात नाही. ते डिस्चार्जमधूनच, म्हणजे पंपाच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडातूनच येते, फक्त दाब आणि प्रवाह बराच कमी होतो. म्हणून "पाणी येतंय ना, मग पंप सरळच फिरतोय" हे म्हणणे खोटे. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर उलट फिरताना तो सुटून केसिंगला घासतो. नव्या जोडणीनंतर मोटरला क्षणभर सप्लाय देऊन फॅनच्या बाजूने फिरण्याची दिशा पाहा आणि केसिंगवरच्या बाणाशी जुळवा.

कोणता भाग दिशा पाळतो

साधा बॉल व्हॉल्व्ह, साधा गेट व्हॉल्व्ह आणि रबर लाइनिंगचा बटरफ्लाय दोन्हीकडून चालतो. पण एलपीजी, क्लोरीन किंवा अतिथंड द्रवासाठीच्या बॉल व्हॉल्व्हच्या बॉलला एक बारीक भोक असते. बॉलच्या पोकळीत अडकलेला द्रव तापून फुगला तर त्याचा दाब अपस्ट्रीमला सुटावा म्हणून. असा व्हॉल्व्ह उलटा बसला तर बंद असतानाही त्या भोकातून दाब डाउनस्ट्रीमकडे जाणार. ट्रिपल ऑफसेट बटरफ्लायलाही पसंतीची एक दिशा असते. बॉडीवरचा बाण पाहा, नसेल तर कॅटलॉग.

ग्लोब व्हॉल्व्हमध्ये प्रवाह सहसा डिस्कच्या खालून वर येतो. व्हॉल्व्ह बंद असताना ग्लँड पॅकिंगवर (स्टेमभोवतीची गळती रोखणाऱ्या भरणीवर) लाइनचा दाब राहू नये, हे त्यामागचे कारण. पॅकिंग बदलायचे सोपे होते. बाण पुसला असेल तर स्टेम वर धरून फ्लँजमधून आत डोकवा: ज्या बाजूची वाट सीटच्या खाली जाते ती इनलेट. मोठ्या साइजच्या, जास्त दाबाच्या काही स्टीम व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम वरून प्रवाह देतात. म्हणून व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या बाणावर आपला नियम चालवायचा नाही, बाण म्हणेल तसेच बसवायचे.

एनआरव्ही, म्हणजे प्रवाह मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त उलटा बसणारा भाग हाच.

स्विंग टाइप एनआरव्ही आडव्या लाइनवर बसतो, बिजागरी वरच्या बाजूला. उभ्या लाइनवर प्रवाह खालून वर जात असेल तरच चालतो. वरून खाली वाहणाऱ्या लाइनवर त्याची झडप स्वतःच्या वजनाने उघडीच लटकते, ती काही अडवत नाही. पिस्टन लिफ्ट टाइप फक्त आडव्या लाइनवर, बॉनेट (व्हॉल्व्हचे झाकण) वर ठेवून. दोन पानांचा वेफर टाइप आडव्या लाइनवर बसवताना मधली पिन उभी ठेवा. पिन आडवी राहिली तर वरचे पान वजनाने पडते आणि दोन पाने सारखी मिटत नाहीत. पंपाच्या किंवा एल्बोच्या तोंडाशी एनआरव्ही चिकटवू नका. मध्ये किमान ५ व्यास सरळ पाइप ठेवा, म्हणजे १०० मिमीच्या लाइनवर अर्धा मीटर. नाहीतर घुसळलेल्या पाण्याने झडप खडखडते आणि बिजागरीची पिन झिजून लांबट होते.

क्रम असा: पंप, प्रेशर गेज, एनआरव्ही, मग आयसोलेशन व्हॉल्व्ह. एनआरव्ही आणि आयसोलेशन व्हॉल्व्हची अदलाबदल केली तर एनआरव्ही उघडायला अख्खी हेडर लाइन (सगळ्या पंपांची सामाईक मुख्य लाइन) रिकामी करावी लागते.

उलटा बसलेला एनआरव्ही पाइप न कापता ओळखता येतो. पंप सुरू केल्यावर डिस्चार्ज गेज पंपाच्या कर्व्हवरच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे शून्य प्रवाहाच्या दाबाला जाऊन थांबते. मोटरचे अँपिअर नेहमीपेक्षा कमी येतात. काही मिनिटांत केसिंग हाताला गरम लागते, आणि आयसोलेशन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही पुढे पाणी नसते. असे दिसले की पंप लगेच बंद करा. आतले पाणी उकळायला लागले की आधी मेकॅनिकल सील जातो.

झडप तुटली किंवा उघडी अडकली असेल तर लक्षण वेगळे. एक पंप चालू असताना शेजारचा स्टँडबाय पंप आपोआप उलटा फिरतो. तो फिरत असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका. शाफ्ट पिळवटून तुटू शकतो. आधी त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करा, शाफ्ट थांबू द्या.

वाय स्ट्रेनरमध्ये पाणी जाळीच्या आत शिरून बाहेर पडते. उलटा बसला की कचरा जाळीच्या बाहेर साचतो, जाळी आत दबते आणि ड्रेन उघडला तरी काही निघत नाही. पाण्याच्या आडव्या लाइनवर त्याची नळी खाली ठेवा. स्टीमच्या आडव्या लाइनवर मात्र नळी आडवी, कुशीला. खाली ठेवली तर तिच्यात कंडेन्सेट (स्टीम निवून झालेले पाणी) साचते आणि स्टीम ते उचलून पुढच्या व्हॉल्व्हवर आपटते. पाण्याची आणि स्टीमची सवय एकच असलेला फिटर ही चूक हमखास करतो.

मीटरांमध्ये ओरिफिस प्लेट (प्रवाह मोजायला लाइनमध्ये बसवलेली भोकाची चकती) फसवते, कारण दोन्ही बाजूंनी ती सारखीच दिसते. बोटाने भोकाची कड चाचपा. ज्या बाजूची कड धारदार, ती प्रवाहाच्या तोंडावर. तिरकी घासलेली कड पुढे. हँडलवर भोकाचे माप आणि अपस्ट्रीमची खूण ठोकलेली असते, ती येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून हवी. उलटी बसली तर मीटर बंद पडत नाही, खोटे बोलते: प्रवाह १० ते २० टक्के कमी दाखवतो, आणि स्टीमचा हिशोब महिनोन्महिने जुळत नाही. व्होर्टेक्स मीटर उलटा चालतच नाही. मॅग्नेटिक मीटर वजा आकडा दाखवतो किंवा शून्य. बहुतेकांत दिशा सेटिंगमध्ये बदलता येते, पाइप खोलायची गरज नाही. काचेच्या नळीचा रोटामीटर नेहमी खालून वर.

हीट एक्स्चेंजरला कूलिंग वॉटर खालून द्या, वरून काढा, म्हणजे हवा निघून जाते. स्टीम वरून द्या, कंडेन्सेट खालून काढा. सप्लाय-रिटर्नची अदलाबदल झाली तर वरच्या भागात हवा अडकते, तेवढ्या नळ्या कोरड्या राहतात आणि ऑपरेटर कूलिंग टॉवरला दोष देत बसतो. गंमत म्हणजे नागपुरात कूलिंग टॉवरची खरी कसोटी मेमध्ये नाही, जुलैमध्ये लागते. मेची हवा तापलेली पण कोरडी असते, पावसाळ्यात ती दमट होते आणि पाणी तितके निवत नाही.

स्टीम आणि हवेचा उतार

स्टीमच्या मुख्य लाइनला प्रवाहाच्या दिशेने १:१०० उतार द्या, म्हणजे १० मीटरला १०० मिमी. नाइलाजाने लाइन चढावावर न्यायची असेल तर पाइप एक साइज मोठा घ्या आणि चढाव १:४० ठेवा, म्हणजे कंडेन्सेट स्टीमच्या उलट खाली वाहून येऊ शकते. ३० ते ५० मीटरला एक ड्रेन पॉकेट आणि ट्रॅप (स्टीम अडवून फक्त कंडेन्सेट बाहेर सोडणारा भाग). फांदी नेहमी पाइपाच्या माथ्यावरून काढा. रिड्यूसर एक्सेंट्रिक, सपाट बाजू खाली, पंपाच्या सक्शनच्या अगदी उलट. ट्रॅपचा बाण पाहा. ट्रॅपनंतर कंडेन्सेट वर चढत असेल तर पुढे एनआरव्ही हवाच, नाहीतर प्लांट थांबल्यावर पाणी मागे येते.

कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनला हेच नियम: १:१०० उतार, फांदी वरून, टोकाला ड्रेन.

स्टीमच्या लाइनवर आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) लागू असेल तर उलटा भाग दिसला म्हणून लगेच कटर उचलू नका. त्या लाइनवरचे वेल्डिंग बॉयलर निरीक्षकाच्या परवानगीने आणि परवानाधारक वेल्डरकडूनच होते.

उलटा भाग फिरवताना

वर्क परमिट घ्या, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा, ड्रेन उघडून गेज शून्यावर आणा. दोन एनआरव्हींच्या मधल्या तुकड्यात दाब अडकून राहतो आणि गेजला तो दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पहिला बोल्ट आपल्यापासून लांबच्या बाजूचा ढिला करा, काढू नका. काही उडाले तर पलीकडे उडेल. गॅस्केट नवीन घ्या, जुने परत वापरू नका. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत आवळा: आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. आवळण्याच्या आधी एक माणूस बाण पाहील आणि दुसरा मोठ्याने दिशा सांगेल. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण चुका इथेच थांबतात. हायड्रोटेस्टचे (पाण्याच्या दाबाने लाइन तपासण्याचे) पाणी इनलेटकडून भरा. आउटलेटकडून भरले तर पहिल्याच एनआरव्हीपाशी दाब अडेल आणि मागचा भाग तपासलाच जाणार नाही.

आता रंग आणि बाण

आपल्याकडे रंगासाठी आयएस २३७९ हे भारतीय मानक आहे. मूळ रंग: पाणी समुद्री हिरवा, स्टीम ॲल्युमिनियमसारखा चंदेरी, हवा आकाशी, तेल फिकट तपकिरी, ॲसिड गडद जांभळा, गॅस पिवळा. बाण काळा किंवा पांढरा, खालच्या रंगावर जो उठून दिसेल तो.

अक्षरांच्या उंचीसाठी अमेरिकी एएसएमई ए१३.१ ची मापे सोयीची आहेत: बाहेरचा व्यास ३२ मिमीपर्यंत असेल तर अक्षर १३ मिमी, ५० पर्यंत १९, १५० पर्यंत ३२, २५० पर्यंत ६४ आणि त्याहून मोठ्याला ८९ मिमी. बाण अक्षराइतकाच जाड ठेवा. जागा: प्रत्येक व्हॉल्व्ह आणि टी-जॉइंटजवळ, वळणाच्या दोन्ही बाजूंना, भिंतीतून जाताना भिंतीच्या दोन्हीकडे आणि सरळ पाइपवर ८ ते १५ मीटरला एक. रॅक उंच असेल तर बाण पाइपाच्या माथ्यावर नको, पोटाच्या बाजूला. पाहणारा खाली उभा असतो.

नावात पदार्थ, मग सप्लाय की रिटर्न, मग कुठून कुठे, एवढे लिहा. विदर्भातल्या कारखान्यांत मध्य प्रदेश, छत्तीसगडचे कामगार भरपूर. देवनागरीत लिहिले की मराठी आणि हिंदी वाचणारे, दोघांचेही भागते.

फायर हायड्रंटच्या रिंगमध्ये आणि हवेच्या रिंग मेनमध्ये प्रवाह दोन्हीकडून येतो. तिथे दुतोंडी बाण काढा, एकतोंडी बाण तिथे खोटा ठरतो. सॉफ्टनरला (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राला) मोडप्रमाणे दिशा बदलते: सर्व्हिसमध्ये वरून खाली, बॅकवॉशमध्ये खालून वर. त्या पाइपांवर बाणाशेजारी मोडचे नाव लिहा आणि व्हॉल्व्ह नंबरांचा तक्ता पॅनेलला चिकटवा.

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन यांत कुठेही जोड नको. भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, असा पुनर्वापर कारखान्यांतही वाढतो आहे आणि अशा लाइनी आता पिण्याच्या लाइनीशेजारून जातात. "मध्ये एनआरव्ही आहे ना" हे उत्तर इथे पुरत नाही; झडपेत बारीक खडा अडकला की पाणी मागे येते. टाकी भरताना नळाचे तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, किमान २५ मिमी मोकळी हवा ठेवा.

रंगकाम हायड्रोटेस्टनंतर. गंज घासा, प्राइमर एक हात, रंग दोन हात, वाळल्यावर स्टेन्सिल. उन्हाळ्यात नागपुरात उघड्यावरचा पाइप दुपारी ५० अंशांच्या वर सहज जातो. अशा पृष्ठभागावर रंग नीट पसरायच्या आत सुकतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. सकाळी नऊच्या आत हात उरका. पावसाळ्यात उलटी अडचण: पाइपाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवे, नाहीतर रंगाखाली ओल अडकते. थंड पाण्याची घाम येणारी लाइन बंद करूनच रंगवा. स्टीमच्या पाइपावर थेट स्टिकर टिकत नाही, तो इन्सुलेशनच्या पत्र्यावर लावा.

इन्सुलेशन चढवण्याआधी प्रत्येक एनआरव्ही, ग्लोब, ट्रॅप आणि ओरिफिस प्लेटच्या बाणाचा फोटो काढा, फोटोत टॅग नंबर दिसू द्या. एकदा पत्रा बसला की तो बाण पुन्हा दिसायला पुढचा शटडाऊन लागतो.